अ‍ॅप बंद होतंय, आप्पांनी विकत घेतलेली पुस्तकं कशी वाचवू?

प्रीतिसंगम (कराड)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून मग उत्तर द्या, कारण "पीडीएफ मिळते की फुकट" हे उत्तर मला घरातच मिळून झालंय.

माझे वडील, आप्पा, ८१ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यात मस्टर कारकून म्हणून लागले ते कोयना प्रकल्पावर, आणि पुढची सगळी नोकरी सातारा-सांगली भागातच झाली. माणूस पहिल्यापासून वाचणारा. वाचनालयाचं कार्ड कायम शर्टाच्या खिशात. काही वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला, मॅक्युलर डीजनरेशन. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं नेमकं तेच दिसत नाही. छापील पुस्तकं वाचणं थांबलं. तेव्हा मी दहा इंची टॅब आणला आणि मराठी ई-पुस्तकं विकणाऱ्या एका अ‍ॅपवर त्यांचं खातं उघडून दिलं. अक्षर इतकं मोठं केलं की एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावतात. मान थोडी तिरकी करून, कडेच्या नजरेनं ते वाचतात. हळू वाचतात, पण वाचतात.

पुस्तकं त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून घेतली. "घ्यायचं तर पैसे देऊन घ्यायचं, लेखकाचं पोट त्यावर असतं," हे त्यांचं म्हणणं. प्रत्येक खरेदीची पावती ईमेलवर आली आहे, त्या सगळ्या मी एका फोल्डरमध्ये ठेवल्यात. पावतीवर "खरेदी" असाच शब्द आहे आणि ज्या बटणावर बोट ठेवून आप्पांनी पैसे भरले त्यावर "विकत घ्या" असं लिहिलेलं होतं.

शिवाय टिपणं आहेत. मजकुरावर बोट दाबून धरलं की टिपण जोडता येतं, आणि आप्पा ती बोलून घालतात. कोयना खोऱ्यावरच्या एका पुस्तकात तर त्यांनी पानोपानी लिहून ठेवलंय. "हेळवाकच्या पुढं तेव्हा असा रस्ता नव्हता, सामान डोक्यावर." भूकंपाच्या प्रकरणात: "११ डिसेंबर ६७. मी ऑफिसच्या शेडमध्ये झोपलेलो. पहाटे कपाट अंगावर येत होतं, मध्ये मस्टरच्या वह्यांचा ढीग होता म्हणून वाचलो." हे आम्हा भावंडांना त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. मला ते त्या टिपणात वाचायला मिळालं.

आता कंपनीचा ईमेल आलाय. सुटी पुस्तकं विकणं बंद करून ते मासिक वर्गणीची योजना आणतायत. जुनं अ‍ॅप ठरलेल्या तारखेला बंद होणार. विकत घेतलेली पुस्तकं नव्या अ‍ॅपमध्ये "हस्तांतरित करणे शक्य होणार नाही". टिपणांचा उल्लेखसुद्धा नाही. भरपाई काय, तर पहिल्या तीन महिन्यांच्या वर्गणीत सवलत. म्हणजे एकदा पूर्ण किंमत मोजलेलं पुस्तक आप्पांनी आता महिन्याच्या महिन्याला भाडं भरून वाचायचं, तेही नव्या यादीत असेल तर. मी यादी चाळली. त्यांची निम्म्याहून जास्त पुस्तकं त्यात नाहीतच.

ग्राहक सेवेला लिहिलं तर उत्तर आलं, "अटी व शर्तींनुसार आपणास केवळ वाचण्याचा परवाना देण्यात आला होता." स्क्रीनशॉट काढायला गेले तर काळी चौकट येते. टॅबमधलं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू केलं तर ते पुस्तकाच्या पानावर गप्प बसतं, फक्त "मागे जा, बटण" एवढं म्हणतं. उद्या आप्पांची उरलेली नजर कमी झाली तर ऐकायची तरी सोय असावी म्हणून मी ते करून बघत होते.

आणि हे सगळं चालू असताना शेजारच्या मुलानं त्यातलीच काही पुस्तकं टेलिग्रामवरून उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिली. एक पैसा न देता. ती कुठल्याही टॅबवर उघडतात, कुठल्याही फोनवर उघडतात, कुणी ती परत घेऊ शकत नाही. आप्पांनी त्याला हात लावला नाही. "मी दुकानात पैसे मोजलेत. चोरीचा माल कशाला वाचू?" एवढंच म्हणाले.

मला संताप येतो तो ह्याचा. पैसे न देणाऱ्याकडे पुस्तक आहे, आणि पैसे देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडून ते काढून घेतलं जातंय.

तर प्रश्न असे की ही पुस्तकं आणि निदान टिपणं तरी वाचवण्याचा काही मार्ग आहे का? पुस्तकाची नक्कल अडवणारं डिजिटल कुलूप तोडलं तर आपल्याकडे तो गुन्हा होतो का? आणि पैसे परत मागता येतात का?

तळटीप (पुणे)

ताई, मी अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याच्याच कामात आहे, त्यामुळे आधी तातडीचं सांगतो. टॅबवर जी पुस्तकं उतरवलेली नाहीत ती आजच उतरवून घ्या. नंतर त्या अ‍ॅपमधून लॉगआउट करू नका, अ‍ॅप अपडेट करू नका, टॅब रीसेट करू नका आणि वायफाय बंद ठेवा. अशा अ‍ॅपमध्ये पुस्तकाची फाइल तुमच्याच टॅबवर असते, पण ती सांकेतिक रूपात असते आणि उघडायची किल्ली त्या टॅबच्या ओळखीला बांधलेली असते. नवी किल्ली फक्त कंपनीचा सर्व्हर देतो. सर्व्हर बंद झाला की नव्या टॅबला किल्ली मिळत नाही, आणि जुनं अ‍ॅप अधूनमधून सर्व्हरला विचारत असेल तर जुना टॅबही एक दिवस अडतो.

टिपणांचं म्हणाल तर स्क्रीनशॉट अ‍ॅप अडवू शकतं, दुसऱ्या फोनचा कॅमेरा नाही. टॅब टेबलावर ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात, आणि टिपण असलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. कंटाळवाणं आहे, पण आपल्या वडिलांनी बोलून लिहिलेला मजकूर त्यांचाच आहे. त्यावर कंपनीचा काडीचा हक्क नाही.

हे जे तुमच्या बाबतीत होतंय ते मोठ्या कंपन्यांनीही केलंय. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि त्या जुलैपासून लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पण त्यांनी पुस्तकांची पूर्ण रक्कम परत केली, आणि ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात वर २५ डॉलर जमा केले. कंपनीला पत्र लिहाल तेव्हा हे उदाहरण जरूर घाला. टिपणांचं नुकसान हे वेगळं नुकसान आहे हे एका कंपनीनं पैसे मोजून मान्य केलेलं आहे.

आपल्याकडचंच उलटं उदाहरण सांगतो. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावानं गाणी विकायला सुरुवात केली. साध्या एमपीथ्री फाइली, कुलूप नाही. २०१३ च्या जूनमध्ये दुकान बंद केलं. मी तिथून घेतलेली गाणी आजही माझ्याकडे वाजतात, कारण दुकान गेलं तरी फाइल माझी होती.

उलट हवा आता कुलूप घट्ट करण्याकडेच आहे. किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीनं वाचनयंत्रात टाकायची सोय होती, ती अ‍ॅमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ ला काढून टाकली. सोनाराकडे पूर्ण पैसे भरून दागिना घ्यायचा आणि तिजोरीची किल्ली त्याच्याच गल्ल्यात ठेवायची, अशी ही खरेदी आहे.

कायद्याचं. मी वकील नाही, पण कलम वाचलेलं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ कलम आलं. कुलूप तोडल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण कधी? हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशानं तोडलं तर. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटलंय की ज्या कामाला हा कायदा स्पष्टपणे मनाई करत नाही त्यासाठी केलं तर ते कलम आड येत नाही. अमेरिकेतला १९९८ चा कायदा याहून फार कडक आहे. तिथं कुलूप तोडणं हेच मुळात बेकायदेशीर, आणि सवलती दर तीन वर्षांनी नव्यानं मागाव्या लागतात. आपल्याकडची एक अट मात्र लक्षात ठेवा: तुम्हाला दुसऱ्या कुणी कुलूप काढून दिलं तर त्यानं तुमचं नाव, पत्ता आणि कशासाठी काढलं याची नोंद ठेवावी लागते. म्हणून गल्लीतल्या कुणाच्या तरी हातात टॅब देऊ नका.

सरळ_हिशेब

थोडं वेगळं मत मांडतो. अटी वाचल्या होत्या का? सगळ्या अ‍ॅपच्या अटींत "परवाना" असंच लिहिलेलं असतं. कंपनीनं काही फसवणूक केलेली नाही. आणि वर्गणी वाईट नसते. महिन्याला एका पुस्तकाच्या किमतीत हवी तेवढी पुस्तकं. तुमच्या वडिलांसारख्या भरपूर वाचणाऱ्याला उलट फायद्याचं आहे. कंपन्यांनाही चालायचं असतं, तोट्यात दुकान कोण चालवणार?

प्रीतिसंगम (कराड)

तळटीप, मनापासून आभार. वायफाय बंद केलंय, भाऊ आणि मी मिळून फोटो काढायला बसलोय.

सरळ_हिशेब, अटी इंग्रजीत होत्या आणि पुस्तकं मराठी वाचकाला विकत होते. पण ते सोडा. आप्पांसारखा माणूस महिन्याला भरपूर वाचत नाही. तीन शब्दांच्या ओळीनं एक पुस्तक संपायला त्यांना दीड-दोन महिने लागतात. त्यांना हजार पुस्तकं नकोत, स्वतः निवडून घेतलेली पुन्हा पुन्हा वाचायची आहेत. वर्गणीचा हिशेब नवं नवं बघत राहणाऱ्यासाठी बसवलेला असतो. आणि वर्गणीची किंमत उद्या काय होईल ते आपल्या हातात नाही. प्राइम व्हिडिओचंच बघा. वर्गणी भरलेल्यांना जून २०२५ पासून जाहिराती दाखवायला लागले, आणि जाहिराती नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९ भरा म्हणाले. तिथं निदान लोकांना माहीत होतं की आपण वर्गणी भरतोय. आप्पांनी वर्गणी भरली नव्हती, पुस्तक घेतलं होतं.

तोट्यात दुकान चालवा असं मी म्हणतच नाही. बंद करा, पण जाताना ज्याचं त्याला देऊन जा. फाइल कुलूप काढून द्यायला त्यांना किती खर्च येणार होता?

जुळारी (पुणे)

मी छोटा प्रकाशक आहे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणून हे नाव. तुमची हकिकत वाचून झोप आली नाही, कारण अशा अ‍ॅपवर आमचीही पुस्तकं आहेत. प्रकाशकाच्या बाजूनं काय घडतं ते सांगतो, अगदी मोकळेपणानं.

चोरी खरी आहे. आमच्या नव्या पुस्तकाची पीडीएफ प्रकाशन समारंभानंतरच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना मी बघितली आहे. हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला त्याचा दणका बसतो. त्यामुळे ई-पुस्तकवाल्यानं "आमच्याकडे पुस्तक पूर्ण सुरक्षित" असं सांगितलं की आम्ही सह्या करतो. पण ती फिरणारी पीडीएफ मी नीट बघितली. पानाच्या कडेला अंगठा दिसत होता आणि मधल्या शिवणीजवळ अक्षरं वाकलेली होती. कुणीतरी छापील प्रत घेऊन फोनवर स्कॅन केलेली. अ‍ॅपच्या कुलपाशी त्या माणसाचा संबंधच आला नाही. माझ्या आजवरच्या अनुभवात चोरीची प्रत ही अशीच असते, छापील पुस्तकावरून केलेली. कुलपाचा त्रास झाला तो फक्त तुमच्या आप्पांना.

मग कुलूप कुणाच्या फायद्याचं? माझं मत असं झालंय की ते वाचकाला त्या दुकानात बांधून ठेवण्यासाठी आहे. ज्याची चाळीस पुस्तकं एका अ‍ॅपमध्ये अडकली तो दुसरीकडे जात नाही. आम्हाला आमच्या वाचकाचं नाव कळत नाही, ईमेल कळत नाही, फक्त तिमाहीला एक आकडा येतो. किंडलवर स्वतःचं पुस्तक टाकणाऱ्या लेखकांना विचारा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर ई-पुस्तक दुसरीकडे कुठंच विकायचं नाही, अशा ९० दिवसांच्या करारात जावं लागतं. नाहीतर ३५ टक्के. लेखकही बांधलेला आणि वाचकही.

कुलपाशिवाय धंदा बुडतो असंही नाही. टॉर ही विज्ञानकथा छापणारी मोठी संस्था. त्यांनी २०१२ मध्ये ई-पुस्तकांवरची कुलपं काढली, आणि वर्षभरानं त्यांच्या ब्रिटनमधल्या संपादकांनी सांगितलं की चोरीत लक्षात येण्यासारखी वाढ झालेली नाही. संगीतात तर हे त्याआधीच होऊन गेलं, अ‍ॅपलनं २००९ मध्ये विकतच्या गाण्यांवरची बंधनं काढली.

टॉकबॅक का गप्प बसतं त्याचंही कारण सांगतो. मराठीतली हजारो पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत, युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीची. पडद्यावर "कृष्णा" दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतात, जोडाक्षरं तुटतात, आणि मग सगळं पुस्तक पुन्हा वाचून दुरुस्त करावं लागतं. तो खर्च कुणी करत नाही. अ‍ॅपवाले सरळ शब्दांची चित्रं करून पडद्यावर मांडतात. ह्यात दोष आमचाही आहे, सगळा त्यांच्यावर ढकलणार नाही.

आणि सरकारी नियमही गमतीचे नाहीत, त्रासाचे आहेत. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्के केला, शून्य केला नाही, कारण ई-पुस्तक ही वस्तू नाही, सेवा आहे. अ‍ॅपवाले जे म्हणतात तेच कर खातंही म्हणतं.

ताई, आता कामाचं. प्रत्येक पुस्तकाच्या प्रकाशकाला पावतीची प्रत जोडून थेट लिहा. ई-हक्क अ‍ॅपला कायमचे दिलेले नसतील तर प्रकाशक तुम्हाला स्वतः फाइल देऊ शकतो. आमचं पुस्तक त्यात असेल तर मी ईपब (कुठल्याही वाचन-अ‍ॅपमध्ये उघडणारी ई-पुस्तकाची फाइल) देईन, पानावर खाली आप्पांचं नाव छापून. चोरी अडवायला तेवढं पुरतं, आणि ती फाइल त्यांच्या टॅबवर कायम राहील.

श्रवण (नागपूर)

मी पूर्ण अंध आहे, शाळेत इतिहास शिकवतो. ताई, तुम्ही "कुलूप तोडणं गुन्हा आहे का" असं विचारलंत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत प्रश्नच वेगळ्या ठिकाणी जातो, आणि तळटीप यांनी ते कलम सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. कॉपीराइट कायदा, कलम ५२(१)(झेडबी), हेही २०१२ च्याच दुरुस्तीतलं. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कुणीही, कुठल्याही पुस्तकाची सुलभ स्वरूपातली प्रत तयार करू शकतो आणि तिला देऊ शकतो, स्वतःच्या वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी. नफा घ्यायचा नाही एवढीच मुख्य अट. म्हणजे तुम्ही पानांचे फोटो काढून, ओसीआर करून (म्हणजे फोटोतली अक्षरं मजकुरात बदलून), आप्पांसाठी मोठ्या अक्षरांची किंवा ऐकता येणारी प्रत केलीत तर कायदा तुमच्या बाजूला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीदोषाचा दाखला घेऊन ठेवा, आणि टक्केवारी बसत असेल तर यूडीआयडी कार्डसाठीही (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. २००९ मध्ये किंडल टू मध्ये पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आली. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं आक्षेप घेतला, त्यानं म्हणे ऑडिओ पुस्तकांचा धंदा बुडेल. अ‍ॅमेझॉननं प्रत्येक प्रकाशकाला आवाज बंद करायची मुभा दिली. अंध लोक न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर उतरले. ते पैसे द्यायला तयार होते, पुस्तक विकत घेत होते, आणि त्यांनाच सांगितलं जात होतं की तुम्ही ऐकू नका. नंतर २०१३ मध्ये माराकेशला असाच हक्क देणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. मला त्याचा फार अभिमान आहे. पण करार कागदावर राहतो आणि अ‍ॅपमध्ये चित्रं येतात.

जुळारी, तुमचं मन मोठं आहे, पण एक विनंती. ईपब द्याल तेव्हा आत मजकूर युनिकोड आहे ना, हे एकदा एनव्हीडीए या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर ऐकून बघा. जुन्या फॉन्टची फाइल माझ्या संगणकावर "एफ सेमीकोलन कॅपिटल के" असं वाचते. एका विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री मी ते ऐकून शिकवायचा प्रयत्न केला आहे. काही होत नाही.

प्रीतिसंगम ताई, सुगम्य पुस्तकालय बघा, २०१६ पासून आहे, अंध आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच. वरळीच्या राष्ट्रीय अंध संघटनेकडे बोलकी पुस्तकंही आहेत. आप्पांना आवडतील अशी मराठी पुस्तकं शोधायला मी मदत करीन, व्यक्तिगत निरोप पाठवा.

प्रीतिसंगम (कराड)

उशिरा लिहितेय, पण काय काय झालं ते सांगायला हवं.

श्रवण सर, दाखला घेतला. तुम्ही सांगितलेलं कलम मी कंपनीच्या पत्रात तसंच्या तसं घातलं आणि मायक्रोसॉफ्टचं उदाहरणही. पत्र ग्राहक सेवेला न पाठवता तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावानं पाठवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्रेत्यानं हा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो, ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची असते. हे लिहिल्यावर पोच लगेच आली. आधीच्या कुठल्याच ईमेलला माणसाचं नाव असलेलं उत्तर आलं नव्हतं.

महिना संपता संपता निर्णय आला. टिपणांची मजकूर-फाइल पाठवली. ती पूर्ण आहे, आमच्या फोटोंशी ताडून बघितली. पैसे मात्र फक्त शेवटच्या वर्षातल्या खरेदीचे देणार म्हणाले, आणि तेही नव्या अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये. मी नकार दिलाय. वॉलेटमध्ये टाकलेला पैसा हा परत केलेला पैसा नाही, आणि आधीच्या वर्षांतली पुस्तकंही तेवढीच बंद पडलीत.

प्रकाशकांचा अनुभव वेगवेगळा. जुळारी, तुमचं पुस्तक आलं, टॉकबॅक पहिल्या ओळीपासून वाचतं, रफारसुद्धा शाबूत आहेत. आणखी दोघांनी फाइली दिल्या. एकानं सांगितलं की ई-हक्क अ‍ॅपकडेच आहेत, त्यामुळे आमचं पुस्तक आम्हालाच देता येत नाही. एक प्रकाशन बंद झालंय, तिथं कुणी फोन उचलत नाही. कोयनेचं पुस्तक नेमकं त्यांचंच. त्याची पानं मी फोटोवरून ओसीआर करतेय, रोज थोडी. "धरण" चं "घरण" होतं, बाकी बरं येतं. आप्पा ऐकून चुका सांगतात.

१९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. पुढची पायरी साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथं तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. एका वकील ओळखीच्यांनी लक्षात आणून दिलं की "करारच अन्यायकारक आहे" हा मुद्दा थेट मांडायचा तर तो राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. जिल्हा आयोगापुढे सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हे मुद्दे घेता येतील. "विकत घ्या" लिहून परवाना देणं हे दुसऱ्यात बसतं असं त्यांचं मत आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदाच आलाय, फक्त परवाना देत असाल तर तसं ग्राहकाला खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगायचं.

आता तुम्हा सगळ्यांना विनंती. आपल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३५(१)(ग) खाली, एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीनं एकानं सगळ्यांच्या वतीनं अर्ज करता येतो. ज्यांची पुस्तकं या अ‍ॅपवर अडकली आहेत त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवा. अ‍ॅपचं नाव इथं उघड लिहू नका, प्रकरण चालू आहे. पावत्यांचे ईमेल पुसू नका, बंद होण्याबद्दलचा ईमेल जपून ठेवा, टॅब किंवा फोन रीसेट करू नका. आणि वॉलेटमध्ये पैसे घ्यायला "मान्य आहे" वर बोट ठेवू नका, त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की त्यानंतर कुठलाही दावा करता येणार नाही.